तीन वर्षं, एक ब्लेझर

बारावीचा निकाल दुपारी एकला लागतो. सव्वा एकला फोन वाजतो. "सर, अभिनंदन! मुलीला बीबीएला बेंगळुरूला पाठवायचा विचार केलाय का?"

तुम्ही केलेला नसतो. मुलीने केलेला असतो. पलीकडच्या माणसाने तर ती अकरावीत असतानाच केला होता.

मुलीच्या आत्याला अजून निकाल कळलेला नाही आणि या गृहस्थांना अकाउंट्सचे मार्क तोंडपाठ. नंबर दिला कोणी? क्लासने? हॉटेलातल्या त्या 'एज्युकेशन फेअर'मध्ये फुकटच्या पेनापायी भरलेल्या फॉर्मने? शोधत बसू नका. दुसऱ्या वर्षाला मार्केटिंगच्या पेपरात हाच प्रकार 'लीड जनरेशन' या नावाने येतो.

फी भरून शिकायचा.

आता पुण्या-मुंबईत बीबीए मिळत नाही असं कुठे आहे? राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएसच्या जागा लाखाच्या वर आहेत. पण २०२४ पासून एआयसीटीईने हे सगळे अभ्यासक्रम आपल्या छत्राखाली घेतले आणि आपल्या सीईटी सेलने लगोलग त्यांनाही प्रवेश परीक्षा लावली. बारावी झाली, सुटलो म्हणणाऱ्या पोरांच्या हातात पुन्हा हॉल तिकीट. पहिल्या वर्षी परीक्षेला बसले पन्नास हजारांच्या आत. मग ऑगस्टमध्ये आणखी एक सीईटी घेतली. दुकानं जास्त, गिऱ्हाईक कमी, तरी गिऱ्हाइकाला रांगेत उभं करून दाखवणं हे फक्त सरकारलाच जमतं.

कॉलेजंही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. मुंबईतल्या कित्येकांनी बीएमएसची पाटी उतरवून 'बी.कॉम., मॅनेजमेंट स्टडीज' अशी नवी टांगली. बी.कॉम.ला एआयसीटीई नाही, सीईटीही नाही. अभ्यासक्रम जवळपास तोच, मास्तर तेच, वर्गातला बंद पंखाही तोच.

गंमत बघा. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज, सिडनहॅम, मुंबईत १९१३ साली निघालं. खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे अर्थशास्त्र शिकवलं. पुढची ऐंशीएक वर्षं बी.कॉम.वर मुंबईच्या बँका, विमा कंपन्या, पेढ्या सुखेनैव चालल्या. मग १९९९-२००० मध्ये मुंबई विद्यापीठाने बी.कॉम.चा कोट-टाय घातलेला धाकटा भाऊ आणला, बीएमएस. पंचवीस वर्षांनी सीईटी चुकवायला त्याने कोट काढला आणि तो पुन्हा बी.कॉम. झाला.

फीने मात्र कोट काढलेला नाही.

बेंगळुरूत ही भानगडच नाही. तिथे कॉलेज आपली परीक्षा घेतं, आपली मुलाखत घेतं आणि मग आपली फी घेतं. मुलाखतीत विचारतात, मॅनेजमेंटच का? खरं उत्तर असतं, सायन्स झेपलं नाही आणि सीएची भीती वाटते. दिलं जाणारं उत्तर असतं, मला लीडर व्हायचंय. विचारणाऱ्याला दोन्ही उत्तरं माहीत असतात.

प्रवेश मिळतो.

तर आपली पोरं बेंगळुरूला जाऊन शिकतात कुठे? काही ख्राइस्टला, काही जैनला, काही सेंट जोसेफ्सला. आणि काही सिम्बायोसिसला! काही एनएमआयएमएसला! एक पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावरची, दुसरी विलेपार्ल्याची. दोघींनी बेंगळुरूत शाखा थाटल्यात, एकीने इलेक्ट्रॉनिक सिटीत, दुसरीने बन्नेरघट्टा रोडला. कोथरूडच्या पोरीने आठशेवर किलोमीटर बॅगा ओढत जायचं आणि गेटवर वाचायचं, सिम्बायोसिस.

आजी विचारते, "अगं, मग रिक्षाने नसतीस का गेलीस?"

बेंगळुरूशी आपला व्यवहार तसा जुना. शहाजीराजांची ही जहागीर. त्यांच्यामागे व्यंकोजीराजांना तंजावरात बसून ती सांभाळणं परवडेना, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. सौदा ठरतोय तोवर मध्येच मोगल घुसले, आणि १६८७ मध्ये बेंगळुरू गेलं म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे. किंमत तीन लाख रुपये. पेठा, तळी, किल्ला, सगळं धरून.

आज काही कॉलेजांत तेवढ्यात बीबीएचं एक वर्ष होतं. राहणं-जेवण वेगळं.

फीचं काही विचारू नये. कर्नाटकात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८४ चा. आपला १९८७ चा. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मोहिनी जैनचा खटला आला तो याच कर्नाटकातला, मेडिकलचा. सरकारी जागेला वर्षाला २ हजार, राज्यातल्या इतरांना २५ हजार, राज्याबाहेरच्यांना ६० हजार. न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढे २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात सांगितलं की नफेखोरी नको, पण खासगी संस्थेने वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही. वाजवी म्हणजे किती? कॉलेजच्या इमारतीवर चढलेले मजले मोजा.

आणि आपण नाक मुरडायचं कारण नाही. विनाअनुदानित कॉलेजांचं फाटक वसंतदादांनी १९८३ मध्ये उघडलं. साखर कारखान्याला लागून कॉलेज काढायची कल्पना कन्नडिगांची नव्हे.

मेडिकल, इंजिनीअरिंगचं एक वेळ समजतं. बीबीएला काय लागतं? प्रयोगशाळा नाही, मृतदेह नाही, लेथ मशीन नाही. एक प्रोजेक्टर, एक एसी, पन्नास खुर्च्या आणि भिंतीवर स्टीव्ह जॉब्ज. जो स्वतः कॉलेज सोडून गेला होता.

एसीमागचं कारण आहे, ब्लेझर. काही ठिकाणी रोज, बाकी ठिकाणी प्रेझेंटेशनच्या दिवशी. एप्रिलच्या उन्हात होसूर रोडच्या सिग्नलला काळ्या ब्लेझरात घामाघूम उभी पोरं बघितली की वाटतं, कुणाचं तरी लग्न लागतंय किंवा कुणावर तरी खटला चाललाय.

नुसतं बीबीए आता कोणी करत नाही. बीबीए फिनान्स, बीबीए ॲनालिटिक्स, बीबीए लॉजिस्टिक्स. आणि बीबीए एव्हिएशन! सोसायटीत काकू सांगतात, आमचा पिंट्या विमानाचं शिकतोय. शिकतोय, पण जमिनीवरूनच. तीन वर्षांनी तो काउंटरच्या अलीकडे उभा राहून तुमची बॅग पंधरा किलोच्या वर गेली म्हणून सांगतो आणि पैसे मागतो.

विमान त्याला काचेतून दिसतं.

अभ्यासाचं म्हणाल, तर पहिल्या सेमिस्टरला हेन्री फायोल. फ्रान्समधल्या खाण कंपनीत हयात घालवलेला इंजिनीअर. त्याने १९१६ मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं छापली. चौदाच्या चौदा पाठ करायची. त्यातलं एक तत्त्व असं की माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा.

हे मराठी घरातल्या पोराने खरं मानायचं? बाबा म्हणतात एमबीए कर, आई म्हणते बँकेची परीक्षा दे, मामा म्हणतो जर्मनीला सुट. आणि ज्यांची एफडी मोडून फी भरली त्या आजोबांना कोणी विचारलेलंच नाही.

मग येतो मॅस्लो. गरजांचा पिरॅमिड. पायथ्याशी अन्न, पाणी, झोप. शिखरावर स्वतःच्या क्षमतांचा पूर्ण विकास. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या बोअरवेली आटल्या, टँकरचे भाव कडाडले, आंघोळीला अर्धी बादली मिळायला लागली. अशात सरांनी वर्गात विचारावं, शिखरावर पोचायला काय लागतं?

मागच्या बाकावरून उत्तर, "टँकर."

फ्रेडरिक टेलर तर सगळ्यांचा आजा. त्याने पोलाद कारखान्यातल्या मजुराकडून दिवसाला साडेबारा टनांच्या जागी साडेसत्तेचाळीस टन लोखंड वाहून घेतलं. मजुरी वाढवली साधारण साठ टक्के. काम जवळपास चौपट, पैसे दीडपटीच्या जरा वर. १९११ मध्ये याचं पुस्तक झालं, शास्त्र झालं. बेंगळुरूला मात्र हे शास्त्र पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या मुंबईच्या एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं बोलणं बाहेर आलं. महाराष्ट्र इथे तरी पुढे राहिला.

बाकी इन्फोसिससुद्धा १९८१ मध्ये पुण्यातच जन्मली आणि दोन वर्षांत बेंगळुरूला गेली. तेव्हापासून आपण स्टेशनवर सोडायलाच जातोय.

पण खरं सांगू? बेंगळुरूत मॅनेजमेंट उत्तम शिकता येतं. फक्त वर्गात जायची गरज नाही. पीजीत राहायचं.

पीजी म्हणजे पेइंग गेस्ट. यातला पहिला शब्द खरा. एस.जी. पाळ्या, तावरेकेरे, मडिवाळा, बीटीएम लेआउट, कुठेही जा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर पाच मजले, मजल्यावर चार खोल्या, खोलीत तीन खाटा, आणि खिडकी उघडली की शेजारच्या पीजीची खिडकी. मालकीणबाई बहुतेक वेळा आंध्रातल्या. सगळे त्यांना आंटी म्हणतात. आंटीचं शिक्षण कोणी विचारत नाही. विचारायची हिंमत नाही.

आंटीच्या टेबलावर एक लांब वही. डावीकडे खोली, मध्ये नाव, उजवीकडे तारीख. संगणक नाही. कोण पाच तारखेला भाडं देतो, कोण बाराला, कुणाचे बाबा परस्पर पाठवतात आणि कुणाकडे तीनदा जिना चढून जावं लागतं, सगळं त्या वहीत. गीझर सकाळी सहा ते आठ. त्यानंतर गरम पाणी हवं असेल तर भल्या पहाटे उठायची सवय लावून घ्या, करिअरला बरी. वॉशिंग मशीन दुसऱ्या मजल्याला मंगळवारी. नाश्ता साडेआठला येतो. कॉलेज आठला सुरू होतं.

म्हणजे नाश्त्याचे पैसे सगळे भरतात आणि इडली निम्मेच खातात. हिला विमा कंपनी चालवायला द्या.

रविवारी चिकन, शाकाहाऱ्याला पनीर. माणशी तुकडे मोजून. वाढणारा भैया ओडिशाचा, पण मोजणी आंटीची. पोळी असते, म्हणजे तिला पोळी म्हणतात. सांबार रोज. सोलापूरच्या पोराने पहिल्या आठवड्यात घरून शेंगाचटणी मागवली. दुसऱ्या आठवड्यात तो डबा अख्ख्या मजल्याचा झाला आणि तिसऱ्या आठवड्यात पोरगा डब्याला कुलूप लावायला शिकला. मालमत्ता व्यवस्थापन. याला क्रेडिट मिळत नाहीत.

खरी परीक्षा सोडताना. महिनाभर आधी नोटीस द्यायची. एकोणतीस दिवस आधी दिली तर ती दिलीच नाही. आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे. तुम्ही भिंतीला हात लावला नव्हता? हरकत नाही, भिंत तिथेच होती ना. तुम्ही गेलात की त्याच न रंगवलेल्या भिंतीला टेकून दुसरा बसतो. त्याच्याही डिपॉझिटमधून तोच रंग कापला जातो. कॉस्ट अकाउंटिंगचे सर एकाच खर्चाची वसुली दोनदा होत नाही म्हणून शिकवतात.

सर बहुधा स्वतःच्या घरात राहतात.

पीजीतून बाहेर पडलं की कोपऱ्यावर दर्शिनी. म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. आधी पैसे, मग टोकन, मग डोसा. उधारी नाही, वेटर नाही, टिप नाही. खुर्चीच नाही, त्यामुळे गिऱ्हाईक गप्पा मारत बसत नाही. ज्या जागेत आपल्याकडे पंचवीस माणसं बसून चहावर राजकारण करतील, तिथे सकाळच्या दोन तासांत शेकडो माणसं खाऊन, हात धुऊन ऑफिसला लागतात. पोरं रोज तिथे खातात आणि मग वर्गात जाऊन 'ऑपरेशन्स मॅनेजमेंट'साठी जपानच्या मोटार कारखान्याची स्लाइड बनवतात.

एमटीआरचं घ्या. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, त्यांनी रव्याची इडली केली. आणीबाणीत सरकारने हॉटेलच्या पदार्थांचे भाव बांधून टाकले, त्यांनी तयार पिठं पुड्यांत भरून विकली. २००७ मध्ये तो पुड्यांचा धंदा नॉर्वेच्या कंपनीने विकत घेतला. ब्लेझर कुणाच्याच अंगावर नव्हता.

कॉलेजात मात्र 'बेस्ट मॅनेजर' निवडायचा तर फेस्ट भरवावा लागतो. प्रायोजक शोधायला प्रथम वर्षाची पोरं ब्रिगेड रोडला दुकानोदुकान फिरतात. पुष्कळदा मिळतं काय, तर पिझ्झ्याची कूपन्स. स्टेजवर एकाला 'तुमच्या कंपनीवर धाड पडली, पत्रकार परिषद घ्या' असं सांगतात. तो न अडखळता चार मिनिटं काहीही न सांगता बोलतो. बक्षीस त्यालाच.

निवड चुकते असं म्हणता येणार नाही.

ग्रुप प्रोजेक्ट तर लोकशाहीचा कळस. पाच जणांचा गट. एक काम करते, एक स्लाइड सुशोभित करतो, एक ऐन वेळी आजारी पडतो, एकाने फक्त व्हॉट्सॲप ग्रुप काढलेला असतो. पाचवा प्रेझेंटेशन देतो आणि रात्री लिंक्डइनवर टाकतो की एका अप्रतिम टीमचं नेतृत्व करताना खूप शिकायला मिळालं. खाली पहिलीच लाइक कुणाची? काम केलेलीची. तिलाही पुढच्या सेमिस्टरला गट लागणार आहे.

आणि आता तर गटात सहावा आलाय, एआय. तो आजारी पडत नाही. मार्कांत वाटा मागत नाही.

केस स्टडीला बेंगळुरूत तोटा नाही. बायजूज. २०२२ मध्ये किंमत २२ अब्ज डॉलर. जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू, तीही क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीपायी. ज्या पोराने पहिल्या वर्षाला 'भारतीय स्टार्टअपची भरारी' म्हणून स्लाइड केली, त्यानेच तिसऱ्या वर्षाला 'कारभार कुठे फसला' म्हणून केली. फोटो तोच ठेवला. नुसती बाणाची दिशा फिरवली.

सरकारही केस स्टडी पुरवतं. कर्नाटकाने २०२१ मध्ये देशात सगळ्यांच्या आधी नवं शिक्षण धोरण आणलं, पदवी चार वर्षांची केली. सरकार बदललं. मे २०२४ मध्ये पदवी पुन्हा तीन वर्षांची. ज्या आयोगाच्या अहवालावरून ती झाली त्याचे अध्यक्ष आपले अमरावतीकडचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. अभिमत विद्यापीठांचा हिशेब आणखी निराळा. बाबांनी कर्ज किती वर्षांचं काढायचं?

बँकेला विचारलं तर बँक म्हणते, तुम्ही आधी ठरवा.

बेळगावच्या घरांचं तर निराळंच त्रांगडं. वडील १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, दंडाला काळी फीत. मुलगा त्याच दिवशी बेंगळुरूच्या कॉलेजात लाल-पिवळा शेला गळ्यात घालून राज्योत्सवाच्या फोटोत, पहिल्या रांगेत, कारण त्याला कन्नड येतं म्हणून सूत्रसंचालन त्याच्याकडे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर कोल्हापूरचा आणि बेळगावचा पोरगा एका पीजीत, एका खोलीत. भांडण एकच, पंखा तीनवर की पाचवर.

कोल्हापूरचा पोरगा तीन वर्षांत कन्नड शिकतो किती? 'गोत्तिल्ला', म्हणजे माहीत नाही, आणि 'स्वल्प ॲडजस्ट माडि'. पहिलं रिक्षावाल्याला सांगायला, दुसरं रिक्षावाल्याकडून ऐकायला. मीटरवर वीस जास्त द्या, थोडं ॲडजस्ट करा. बर्थवर तिघांऐवजी चौघे बसा, ॲडजस्ट करा. शहराचं सगळं व्यवस्थापनशास्त्र या तीन शब्दांत आहे.

फायोलला चौदा तत्त्वं लागली.

बरं, शिक्षणच हवं असेल तर ते आता घरबसल्या मिळतं. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या, आता बन्नेरघट्टा रोडला असलेल्या आयआयएम बेंगळुरूने २०२४ मध्ये स्वतःचं बीबीए सुरू केलं, डिजिटल बिझनेस आणि उद्योजकतेचं. ऑनलाइन. परीक्षा द्या, प्रवेश घ्या आणि इचलकरंजीत आईच्या हातची भाकरी खाता खाता आयआयएमच्या प्राध्यापकांकडून शिका. किती सोय!

या सोयीवर घरोघरी उड्या पडायला हव्या होत्या. पण एजंट त्याचं नाव काढत नाही, कारण त्याला त्यात काही सुटत नाही. पोरगी नाव काढत नाही, कारण ऑनलाइनला इचलकरंजीच राहते, इंदिरानगर येत नाही. बाबाही काढत नाहीत. मुलगी घरातच बसून शिकतेय हे सोसायटीत सांगायचं कसं? सगळे मिळून पैसे मोजतात ते शहराचे. रात्री अकराला मैत्रिणींबरोबर कोरमंगलात फिरता येतं, हवा बरी असते, आणि कुठे चाललीस हे कुणी विचारत नाही. अठरा वर्षांच्या पोरीला यासाठी पैसे मोजावेसे वाटले तर तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माहितीपत्रकात तेवढं छापावं.

त्याऐवजी छापतात 'आयआयएम इथून जवळच'.

राहुल द्रविडचं नाव मात्र ऐकवतात. मराठी घरातला, बेंगळुरूत वाढलेला, बी.कॉम. सेंट जोसेफ्स कॉलेज ऑफ कॉमर्समधून. पुढे सेंट जोसेफ्समध्येच एमबीए करत असताना भारतीय संघात निवड झाली. बघा, मॅनेजमेंटवाला! मुलाला हे सांगताना आई एवढंच विसरते की तो ज्यासाठी नावाजला ते वर्गाच्या बाहेर बावीस यार्डांवर चाललं होतं.

तिसऱ्या वर्षाला प्लेसमेंट. कंपन्या येतात, खोटं कशाला बोला. मोठ्या ऑडिट कंपन्यांना, बँकांच्या बेंगळुरूतल्या कचेऱ्यांना इंग्रजी बोलणारी, एक्सेल येणारी, तक्रार न करणारी पोरं हवीच असतात. हुद्दा 'ॲनालिस्ट'. काम, अमेरिकेतल्या कुणीतरी भरलेले आकडे त्या रकान्यातून या रकान्यात नेणं. शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. दुसरा हुद्दा 'बिझनेस डेव्हलपमेंट'. म्हणजे महिन्याला अमुक इतकी गिऱ्हाइकं आणा, नाहीतर पुढच्या महिन्यात येऊ नका. वर्गातल्या साठांतून एखादा घरचा धंदा सांभाळायला गावी परततो. त्याला वडील पहिल्याच दिवशी गल्ल्यावर नाही, गोदामात बसवतात.

उरलेले? उरलेल्यांना बाबा विचारतात, "आता पुढे काय?"

"एमबीए."

"अरे, मग आत्तापर्यंत काय केलंस?"

"त्याची तयारी, बाबा."

कॅटला कुठलीही पदवी चालते. इतिहास चालतो, संस्कृत चालतं, सिव्हिल इंजिनीअरिंग चालतं. तीन वर्षं ब्लेझर घातला म्हणून वयात सूट नाही, मार्कांत सूट नाही, अभ्यासक्रमात तर नाहीच नाही. पोरगा क्लास लावतो, परीक्षा देतो, पुण्यातल्या एका बऱ्या कॉलेजात नंबर लागतो. आजोबांची दुसरी एफडी मोडते. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला सर येतात, फळ्याकडे वळतात आणि लिहितात, हेन्री फायोल, १९१६.

शेजारी बसलेला मेकॅनिकल इंजिनीअर हळूच विचारतो, "हा कोण रे?"